मालकाला विचारून येतो

कॉम्प्युटरनं ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणत तोंडावर दार आपटलं, तर ते उघडणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण उघडायच्या आधी बाहेर चपला काढून उभा राहणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात जीपगाड्या लागतात तिथून चार दुकानं सोडून त्यांचं ऑनलाइन सेंटर आहे. सेनगाव तालुक्यातले अर्धे कॉम्प्युटर त्यांनी वठणीवर आणलेत, उरलेले त्यांचं नाव ऐकूनच सुरू होतात. मात्र त्यांच्याकडे काम घेऊन जाणाऱ्यानं दोन दिवसांची भाकरी बांधून न्यावी. मी नेली नव्हती, म्हणून हे सांगतोय. तेही बसूनच, कारण उभं राहायची ताकद उरलेली नाही.

फाइल उडत नाही म्हटलं की साधा माणूस डिलीटचं बटण चार वेळा दाबतो आणि पाचव्यांदा त्याला ठोसा मारतो. आमचे साडू आधी हात बांधून बसतात. “कोन्हीतरी धरून बसलंय तिला,” असं म्हणतात आणि ती आणखी कुठं उघडी आहे ते शोधतात. कनेरगाव नाक्यावरच्या एका खत-बियाण्याच्या दुकानात अशीच एक यादी बदलू देत नव्हती. दुसऱ्या मशीनवर मालकांनीच ती उघडी ठेवली होती आणि मालक आत जेवत होते. एका बटणाचं काम. पण साडू म्हणाले, “न्हाई, त्यायनं काही लिहून ठिवलं असंल, सेव्ह केलं नसंल. घास उतरू द्या.” घासामागून सुपारी झाली, सुपारीमागून डुलकी झाली. तोवर बाहेरची गिऱ्हाइकांची रांग म्हणे वाशिमच्या हद्दीत शिरली होती.

एवढ्यानं भागलं नाही तर मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. “त्यालाबी दम खाऊ द्या जरा.” त्यानंही भागलं नाही की मग आमच्यासारख्यांची खरी तकलीफ सुरू होते. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी अशा खोल्या ओलांडत ते आत जातात आणि फाइलीच्या मालकाचं नाव वाचतात. ते नाव काढून आपलं घालायला त्यांना दोन मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलंय. पण त्या दोन मिनिटांच्या आधी ते मोटारसायकलची किल्ली उचलतात. “मालकाला इचारून येतो.” एका शाळेच्या मशीनवर बदलून गेलेल्या मास्तरांची फाइल अडून बसली होती, तर साडू तिच्यासाठी पार वारंगा फाट्याला जाऊन आले. मास्तरांना फाइल आठवेचना. “उडवा की राव!” ते म्हणाले. “असं रागानं नका सांगू,” साडू म्हणाले, “चहा घेऊ, मग शांत डोक्यानं सांगा.” फाइलीत होती सहलीला कोण कोण काय डबा आणणार त्याची यादी.

हे सगळं मी लोकांना हसत हसत सांगायचो. मग माझ्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं.

आमच्याकडे लग्नाची पत्रिका म्हणजे अख्ख्या भावकीचा जाहीर निवाडा असतो. थोरलीच्या लग्नात बहात्तर नावांची यादी आबांनी सांगितली. आबा म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, माझं लग्नही त्यांनीच लावलं. सात संध्याकाळ बसून त्यांनी नावं सांगितली: कोण वर, कोण खाली, कोणाच्या शेजारी कोण नको. आम्ही सांगतील ते लिहीत गेलो. आता स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं कोण सांगेल? ते आम्ही घालू, असं आबांना वाटलं. आबा सांगतायत म्हणजे सगळी आलीच, असं आम्हाला वाटलं. पत्रिका छापून आली ती आबांशिवाय. त्यांनी ती वाचली, घडी करून देवळीत ठेवली आणि लग्नाला आले नाहीत. सात वर्षं झाली, माझ्याशी ‘बरं’ या एका शब्दापलीकडे बोलले नाहीत. आता त्यांना अंगण ओलांडताना दोनदा बसावं लागतं. घरातलं यापुढचं लग्न त्यांना दिसेलच असं नाही. म्हणून साडूंच्या दुकानात केलेली ती जुनीच पत्रिका मशीनमधून काढायची, नवरानवरी बदलायची आणि सगळ्यात वर आबांची एक ओळ घालायची, एवढंच माझं काम होतं.

पत्रिका उघडली. साडूंनी ओळ घातली. सेव्ह म्हटलं आणि मशीननं नकार दिला.

“कोणाची आहे?” मी विचारलं.

साडूंनी आत जाऊन मालकाचं नाव वाचलं. “दादाची.”

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. दुकान पूर्वी दोघांचं होतं आणि पत्रिका जुळवायचं काम दादांचं. पाटीवर आधी कोणाचं नाव, यावरून दोघं वेगळे झाले, दादा हिंगोलीला गेले. मशीन इथं राहिलं, आत दादांच्या फायली दादांच्याच नावानं राहिल्या. दोघांचं बोलणं बंद झालं त्यालाही सातच वर्षं झाली होती.

“मग घाला तुमचं नाव. दोनच मिनिटं लागतात.”

“न्हाई.”

“दुसऱ्या नावानं कॉपी करा!”

“कॉपी केली तरी मेहनत दादाचीच ना?”

“मी दुसऱ्या दुकानात जातो.”

“जा की. मंग पत्रिकेतून माझंबी नाव काढा.”

म्हणजे इथं थांबलो तर आबा जाणार आणि उठलो तर साडू. मी बाकावर आडवा झालो. सगळा दिवस साडू किल्ली उचलत होते आणि ठेवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना हाताला धरून हिंगोलीच्या जीपमध्ये कोंबलं.

साडूंच्या वहिनींनी पाणी दिलं. दादा खाटेवर, साडू दाराजवळ.

“दादा,” साडू शेवटी म्हणाले, “एक पत्रिका हाय. तुमच्या नावावर हाय. हात लावू का?”

“माझ्या फायली अजून हायेत?” दादा उठून बसले. “काहून? उडवल्या न्हाई?”

“तुमाला इचारल्याबिगर कशा उडवू?”

दादा खाकरून म्हणाले, “लाव हात.” आणि वहिनींना, “अगं, तो जेवून जाईल.”

गोरेगावला परत येऊन साडूंनी काम केलं. दोन मिनिटं. आबांची ओळ वर चढली आणि मशीननं मुकाट सेव्ह करून घेतली. (पत्रिका छापून आल्यावर मी आबांकडे नेली. त्यांनी वरच्या ओळीवर बोट ठेवलं, ते तिथंच ठेवून म्हणाले, “निघायचं कवा?” सात वर्षांत एकदम दोन शब्द.)

पण त्या दुपारी दुकानात मी एक पाहिलं. दोन दिवसांत मलाही थोडं कळायला लागलं होतं. दादांचं अख्खं फोल्डर एका दमात साडूंच्या नावावर झालं असतं. त्यांनी माझी एकच पत्रिका निवडून घेतली होती.

“साडूभाऊ, बाकीच्या तशाच राहिल्या की.”

“राहू द्या. दुसरी लागली की पुन्हा इचारायला जाईन.”

मी फोल्डरमधल्या फायली मोजत गेलो. बारसं, वास्तुशांती, तेरवी, शेकडो पत्रिका. “एकेक करून विचारायला गेलात तर जन्मभर पुरतील.”

त्यांनी पडदा बंद केला.

“पुरल्या पायजेत,” ते म्हणाले.