मामांचा ठेंगा

माझ्या मामांनी अंगठा वर केला, त्या दिवशी त्यांच्या मुलीचं, शांताताईचं, लग्न मोडायला आलं.

जगातल्या निम्म्या बंदरांशी मामा नुसत्या हातांनी बोलू शकत. जमलं नाही ते एका आमच्या गावाशी, रेवदंड्याशी. परदेशी बोटींवर खलाशी म्हणून उमर घालवून, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ते गावी परतले, ते बंदरोबंदरीच्या खुणा घेऊन. 'मी' म्हणताना ते छातीला नव्हे, नाकाला बोट लावत, ते जपानकडचं. पाचही बोटांची टोकं जुळवून हात हलवला की अरबांच्या बसऱ्याला त्याचा अर्थ 'जरा थांब'. एकदा दाढी करता करता त्यांनी ही खूण पोस्टमनला केली. "नको मामा, आत्ताच जेवून आलोय," म्हणत तो पत्र न देताच पुढे गेला, आणि मामा साबण फासलेल्या तोंडाने त्याच्यामागे धावले. मामीने कपाळाला हात लावला. "ही एक खूण मात्र कुठल्याही बंदरात कळेल," मामा म्हणाले.

शांताताईला बघायला श्रीवर्धनची सुपारीच्या बागा असलेली मंडळी आली. मुलगा शिक्षक होता आणि तिच्या मनात भरला होता. दाराआड तिने माझं मनगट धरून ठेवलं होतं. मुलाचे वडील म्हणाले, "पोरगी पसंत हाय आमाला. आता तुमचं काय ते बोला." मामांचा गळा दाटून आला. शब्द फुटेना, म्हणून त्यांनी अंगठा वर केला. गोऱ्या कप्तानांकडे त्याचा अर्थ 'झकास'.

"ठेंगा?" म्हातारे उठलेच. "आमी चालत दारात आलो, आनि आमालाच ठेंगा?"

"अवो, हात खाली घ्या आधी!" मामी ओरडली. मामांनी गडबडून तळवा वर केला आणि एक बोट आत वळवलं, 'परत या' म्हणून.

"आता कुत्र्यागत बोट करून बोलावतोय!" पाहुण्यांनी वहाणा चढवल्या.

शांताताईने माझं मनगट सोडलं. "बाबांबरोबर जा. त्यांना फक्त तोंडाने बोलायला लाव."

बंदरावर लाँच लागलेली होती. भोंगा झाला. मामांनी हात पाठीमागे बांधले आणि अंगठा, कप्तान, दाटलेला गळा, सगळं शब्दांनी सांगितलं. मध्येच एकदा त्यांचा खांदा हलला. मी मागून त्यांचं मनगट दाबलं. म्हाताऱ्यांनी एक पाय फळीवर ठेवून ऐकलं आणि म्हणाले, "बरं. पन लगीन लागून नवरीची लाँच दिसंनाशी होईपर्यंत तुमचे हात हलता कामा न्हाय. चार लोकांत शोभा नको."

"न्हाय हलनार," मामा म्हणाले. घरी येऊन त्यांनी शांताताईला एवढंच सांगितलं, "ठरलं." मला मात्र वाटेत बजावलं होतं, की अट तिला कळता कामा नये, सासऱ्यांविषयी मनात अढी घेऊन पोरीने सासरी जायला नको.

लग्नात मामा हात बांधूनच वावरले, कन्यादानापुरते सोडले. लाँच सुटली तेव्हा शांताताई कठड्याशी उभी राहून किती तरी वेळ हात हलवत होती. मामा धक्क्यावर ताठ उभे होते, पाठीमागे डाव्या हाताने उजवा गच्च धरून.

मामा यंदा गेले. तेराव्याला शांताताई मला म्हणाली, "त्या दिवशी बाबांनी मला साधा हातसुद्धा केला नाही गं. माझं काय चुकलं होतं?" पंधरा वर्षं तिने हे पोटात ठेवलं होतं. मी तिला बंदरावरचं सगळं सांगितलं. तिने माझं मनगट धरलं, त्या दिवशी दाराआड धरलं होतं तसं.

तिचे सासरेही आता नाहीत. ती अट माहीत असलेल्या आम्ही दोघीच उरलो आहोत.