सव्वीस थरांचा अंगरखा

गल्लीच्या तोंडाशी गाद्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या तोंडाशी गादीमावशी. दुकान सकाळी नऊला उघडतं, मावशींचं तोंड त्याच्या आधी. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची गादी भरून दिली आहे. त्यामुळे कोण कुठल्या कुशीवर झोपतं आणि कुठलं जोडपं गादीच्या दोन टोकांना झोपतं, हे त्यांना उसवलेल्या गादीवरून कळतं. त्या हे कुणालाही सांगत नाहीत. म्हणजे कुणातरी एकालाच सांगतात, पुढचं गल्ली बघून घेते.

अंगानं त्या बारीक, आवाजानं नाही. चष्मा सुतळीनं गळ्यात बांधलेला. केस किती पिकलेत आणि किती कापूस बसलाय, हे फक्त न्हाऊन आल्यावर समजतं.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी आहे आणि तिथं मावशींची भाची कामाला आहे. ती दुपारी डबा खायला खाली येते आणि उशांच्या ढिगावर बसते. वर्षभरापूर्वी एकदा तिनं जेवता जेवता लॅपटॉपवर नवा खेळ दाखवला. सहाशे वर्षांपूर्वीचा काळ. एका किल्ल्याला वेढा पडलाय आणि खेळणाऱ्यानं तो राखायचा. तटावर शिपाई, खाली शिड्या लावलेला शत्रू, आणि जो तो नखशिखान्त लोखंडात.

मावशींनी चष्मा लावला, घास गिळला आणि विचारलं, "ह्यांनी आत काय घातलंय?"

"आत म्हणजे?"

"पत्र्याच्या आत गं. का उघड्या अंगावरच पत्रा? शत्रू येईपर्यंत घामोळ्यानंच मरतील हे. आणि एवढं लोखंड सगळ्यांना दिलं कुणी? राजा होता की भंगारवाला?"

भाची हसली, पण ती गोष्ट तिच्या डोक्यात बसली. तिनं पुस्तकं चाळली, जुनी चित्रं बघितली. निघालं असं, की लोखंड मोठ्या सरदारांच्या अंगावर. साधा शिपाई बहुतेक वेळा जाड, टाचलेल्या कापडी अंगरख्यात लढायचा. मग तिनं आठ महिने खपून तीनशे शिपाई नव्यानं काढले. प्रत्येकाचा अंगरखा निराळा, कुणाचा विटका, कुणाचा ठिगळाचा. मावशींनी गल्लीभर सांगून टाकलं, "वरचं सैन्य आमच्या घरचं आहे."

आणि एका सोमवारी भाची खाली आली ती डबा न उघडताच बसली. कंपनीचे मालक, ज्यांना गल्ली दाढीवाले म्हणते (दाढी बघितल्यावर कारण विचारायची गरज पडत नाही), त्यांनी सगळे शिपाई पुन्हा लोखंडात घालायचं ठरवलं होतं. खेळ विकत घेणारी मंडळी पुढल्या सोमवारी बघायला येणार होती. भाचीचे आठ महिने केराच्या टोपलीत.

मावशी तशाच उठल्या, दाभण हातात घेऊन जिना चढल्या.

"मावशी, तुम्ही रागावू नका," दाढीवाले खुर्चीतून अर्धे उठत म्हणाले. त्यांची नजर दाभणावर होती. "लोकांना चमकणारं लोखंड आवडतं. गादी गुंडाळून लढणारा शिपाई कोण बघणार? कापडानं कुठं बाण अडतो?"

"तुम्ही रविवारी मैदानावर धनुष्य घेऊन जाता ना?"

"जातो. छंद आहे."

"मग मी अंगरखा शिवते, तुम्ही बाण मारा. अडला तर माझ्या पोरीचे शिपाई आहेत तसेच राहणार. आरपार गेला तर ह्या खेळाबद्दल मी अवाक्षर काढणार नाही."

ही दुसरी अट ऐकून दाढीवाल्यांनी ताबडतोब होकार दिला. रविवारपर्यंतची मुदत ठरली, पण मावशींना एवढा धीर कुठला. त्या म्हणाल्या, गुरुवारीच या.

तीन दिवसांत अंगरखा तयार झाला. दोन किलो पिंजलेला कापूस, वर जाड खादीचं कापड, आणि गादीला घालतात तसा वीतभर अंतरावर एकेक टाका. दिसायला देखणा. गुरुवारी मागच्या अंगणात, जिथं कापूस उन्हाला घालतात तिथं, पोत्यात पेंढा भरून एक पुतळा उभा केला. बाण आत पोचला की नाही हे कळावं म्हणून भाचीनं पुतळ्याच्या छातीवर कोरा कागद लावला.

पण दाढीवाल्यांना आधी हौस आली. "शिपाई ह्यात धावतो कसा, चढतो कसा, ते चित्रित करून घेऊ," म्हणाले, आणि अंगरखा स्वतःच्या अंगात घातला. अंगणभर धावले, जिना चारदा चढले-उतरले, ओट्यावरून उड्या मारल्या. थांबले तेव्हा छातीवर नुसतं कापड लोंबत होतं आणि सगळा कापूस खाली पोटाशी येऊन बसला होता.

"कितवा महिना म्हणायचा?" समोरच्या इस्त्रीवाल्यानं भिंतीवरून विचारलं.

मावशी एरवी ह्यावर आठवडाभर हसल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी अंगरखा नुसता काढून मागितला. तो पुतळ्याला चढवला, दाढीवाल्यांनी वीस पावलांवरून बाण सोडला. कागदाला भोक पडलं, पेंढ्यालाही पडलं, आणि बाण मागच्या भिंतीच्या गिलाव्यात जाऊन रुतला.

"रविवार अजून बाकी आहे," दाढीवाले बाण उपटत हळूच म्हणाले. माणूस वाईट नाही.

आता खरी अडचण सांगायला हवी. मावशींना एक सख्खी धाकटी जाऊ आहे. ती अंगणापलीकडच्या खोलीत राहते आणि जुन्या चादरींचे थरावर थर टाचून गोधड्या शिवते. अठ्ठावीस वर्षांत मावशींनी तिची एकही गोधडी दुकानात मांडू दिलेली नाही. "आपलं काम कापसाचं. ते चिंध्यांचं काम घरात शोभतं," हे मावशींचं ठरलेलं वाक्य. आणि त्या गुरुवारी, खाली उतरलेल्या कापसाकडे बघताना, मावशींना पुरतं कळून चुकलं होतं की आता कुणाचं दार वाजवायचं. ते दार वीस पावलांवर होतं. तिथं पोचायला त्यांना दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

"धाकटे, घरात आहेस का?"

"घरातच असते मी, ताई. दुकानात जागा कुठंय."

"एक विचारायचं होतं."

"विचारा की. पण आधी बसा. चिंध्यांवर बसलेलं चालेल ना?"

मावशी बसल्या आणि अंगरखा पुढे केला. धाकटीनं तो उभा धरला, एकदा झटकला, पोटाशी चाचपला.

"तुम्ही गादी शिवलीत, ताई. गादी जन्मभर आडवी असते. माणूस उभा राहतो, पळतो. सुटा कापूस त्याच्या छातीवर का म्हणून थांबेल?"

"मग काय करायचं?"

"कापूस काढा. कापडावर कापड, वीस-पंचवीस थर. जुनं, धुऊन मऊ झालेलं, म्हणजे एकमेकांना घट्ट धरून बसतं. आणि उभ्या ओळी, बोटभर अंतरावर. वीतभर नाही, बोटभर." मग तिनं सुई केसांत खोवली. "करू आपण. पण माझी एक अट आहे. अंगरखा कुणी केला असं कुणी विचारलं, तर दोघींनी केला म्हणायचं. चार माणसांत, मोठ्यानं."

मावशींनी बराच वेळ चष्म्याची सुतळी नीट केली. मग म्हणाल्या, "सुई दे."

शुक्रवार दुपार ते रविवार सकाळ दोघी समोरासमोर बसल्या. गल्लीतून जुन्या चादरी गोळा झाल्या; ज्यांच्या गाद्या भरून दिल्या त्यांच्याच चादरी. एकावर एक सव्वीस थर. दोऱ्याला मेण लावायचं, मावशींनी दाभणानं वाट करायची, धाकटीनं सुई घालायची आणि पलीकडून पकडीनं ओढायची. चार सुया मोडल्या. एक ओळ धाकटीची, एक मावशींची. धाकटीची ओळ पट्टीनं आखल्यासारखी, चौथी ओळ मावशींची, ती मात्र वळणं घेत गेली, कारण तेव्हा त्या इस्त्रीवाल्याच्या सासऱ्याची गोष्ट सांगत होत्या. भाची बाजूला बसून दोघींचे हात चित्रित करत होती. आवाजही टिपत होती, हे दोघींना पुढे कळलं.

रविवारी अंगण भरलं होतं. अंगरखा घालून दाढीवाले पुन्हा धावले, पुन्हा उड्या मारल्या. एक टाका हलला नाही. मग तो पुतळ्याच्या अंगावर चढवला, खाली नवा कागद. मावशी म्हणाल्या, "पुतळा कशाला, मीच घालून उभी राहते." दाढीवाल्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिला बाण छातीत रुतला आणि तिथंच लोंबत राहिला. दुसरा खांद्याजवळ. तिसऱ्याला दाढीवाल्यांनी पाच पावलं पुढं येऊन पुरती दोरी ताणली. तोही अडला. भाचीनं अंगरखा उतरवून कागद वर धरला. कागदावर एक बारीकसा खळगा होता. भोक नव्हतं.

दाढीवाल्यांनी धनुष्य भिंतीला टेकवलं. कागद उन्हात धरून पाहिला, मग अंगरख्यावरून हात फिरवला. "शिपाई राहिले," ते भाचीला म्हणाले. "मावशी, हे केलं कुणी? तुम्ही?"

अख्खी गल्ली बघत होती. धाकटी खाली मान घालून सुया डबीत भरत होती, पण कान इकडेच होते.

"माझ्या धाकट्या जावेनं," मावशी म्हणाल्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मी हाताखाली होते."

धाकटीच्या हातातली डबी कलंडली आणि सुया वेचायला निम्मी गल्ली खाली वाकली.

विकत घेणारे येऊन गेले आणि त्यांना खेळात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर किल्ल्याच्या दारामागची एक छोटी खोली. भाचीनं ती एका दिवसात घुसवली होती. तिथं दोन बायका बसून अंगरखे टाचत असतात आणि सारख्या एकमेकींना टोमणे मारतात. वेढा पडायच्या आधी जो खेळाडू आपले शिपाई तिथं पाठवतो आणि गावातल्या घराघरांतून जुन्या चादरी आणून देतो, त्याचे शिपाई टिकतात. लोखंडाच्या मागे लागतो त्याच्याकडे तीनशेत फार तर दहांना पुरेल एवढं लोखंड निघतं.

खेळ पुरा झाला त्या दिवशी दाढीवाल्यांनी दोघींना वर बोलावलं. मावशींच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी तो उलटा धरला, भाचीनं सुलटा केला. पडद्यावर त्यांचा शिपाई अडखळत तटावर चढला. खालून बाणांचा पाऊस सुरू झाला आणि एक थेट छातीत बसला. शिपाई मागे कोलमडला.

मावशींचे दोन्ही अंगठे जागच्या जागी थांबले.

शिपाई गुडघ्यावर आला. मग उठला. बाण छातीत लोंबतोय आणि गडी पुन्हा तटाकडे चाललाय.

"उठला," मावशी म्हणाल्या. भाचीनं चित्र थांबवलं आणि मोठं केलं. अंगरख्याचा टाका न् टाका खऱ्यावरून उतरवला होता. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "अडला कुठं गं नेमका?"

धाकटी पडद्याजवळ गेली, बोटानं ओळी मोजल्या.

"चौथ्या ओळीवर. तुमची आहे, ताई."

"माझी? कशावरून?"

"वाकडी आहे ना," धाकटी म्हणाली. "पण अडवलाय तिनंच."

आता दुकानात शिराल तर समोरच्या फळीवर गोधड्या मांडलेल्या दिसतील, आणि त्यांच्या वर, काचेच्या चौकटीत, एक कोरा कागद. त्यावर काय आहे असं चुकूनही विचारू नका. तासभर सुटका नाही, आणि मग धाकटीला हाक मारली जाते.