अण्णांचा फेटा आणि टांगता भोपळा

आमच्या व्याह्यांचं डोकं आज जागेवर आहे, ते शेजारच्या हौसाआत्यांमुळे.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी इतके घोळ घातलेत की त्यांचं नाव घ्यायचं राहून जाईल.

मी पुणतांब्यात घरजावई आहे. माझं गाव लांब, पार पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यांच्या मागं मी जायचो आणि माझ्या मागं शाळा. ती सातवीत दमली आणि तिथंच बसली. आता टेम्पो चालवतो. सासरची माणसं देवासारखी, खोटं कशाला बोलू! फक्त एकच गोष्ट पोटात डाचायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन लेकरं झाली, तरी माझे सासरे, म्हणजे अण्णा, मला 'पाव्हणं'च म्हणायचे.

"पाव्हणं, च्या घेता का?" "पाव्हणं, तेवढा नळ बंद करा."

पाहुणा म्हणजे कधीतरी पिशवी उचलून जाणारा माणूस. 'पाव्हणं' ऐकलं की मला आपली पिशवी कुठं ठेवलीय ते आठवायला लागायचं! ह्या घरात आपल्या हातचं काहीतरी रुजलं पाहिजे, असं मनानं घेतलं.

संधी सासूबाईंनी दिली. त्यांनी मोबाईलवर बघितलं, कुणी बाई हातभर जागेत झुकिनी आणि लाल भोपळे भिंतीसारखे उभे वाढवत होती.

"आपल्या अंगणात हुईल का वो असं?"

"हुईल म्हंजे? करतोच, मामी!" (झुकिनी मी तोवर फक्त टेम्पोतून वाहिली होती. तीही क्रेटमध्ये, आडवी.)

बांबू रोवले, तारा ओढल्या, वर मांडव केला. भोपळ्याचा वेल तर असा सुटला की सकाळी तारेवर आणि संध्याकाळी हौसाआत्यांच्या भिंतीवर. झुकिनी मात्र जमिनीवर मांडी घालून बसली. मी तिच्या कानाशी सुतळी सोडली. हलेना. रोज सकाळी जाऊन बघायचो, कुठं एखादा ताणा फुटलाय का.

"पाव्हणं," अण्णा बाजेवरून म्हणाले, "ती बसूनच हाय."

भिंतीवरून हौसाआत्यांचं डोकं वर आलं. "अवो जावईबापू, तिला वर चढायचं अंगच न्हाई! काठीला बांधून उभी करा तिला. आन खालची पानं काढत ऱ्हावा."

"तुमाला कसं ठाव, आत्या?"

"तुमच्या सासूनं तोच व्हिडिओ मला बी दावला. मी शेवटपर्यंत बघितला!"

झुकिनी उभी राहिली. (मलाही शाळेत कुणीतरी असंच काठीला बांधायला हवं होतं.) पण भोपळे वाढू लागले तशी मला नवी काळजी लागली. एक तर असा फुगला, की वेल तुटून कुणाच्या टाळक्यात बसेल ह्या भीतीनं मी त्याच्या खालून वाकून जायचो. त्याला आधार पाहिजे होता. जाळी आणावी, दोरी आणावी, असं शहाण्या माणसाच्या डोक्यात आलं असतं. माझ्या डोक्यात आली झोळी! उसाच्या फडात आई मला लुगड्याच्या झोळीत टांगून तोडीला लागायची. तिची गाठ अशी, की वजन वाढेल तशी घट्ट बसते. ती गाठ मला येते. माझं जे काही शिक्षण झालंय, ते एवढंच.

"सुनीता, जुनं कापड हाय का गं?"

बायको धाकट्या बहिणीच्या, वैशालीच्या, साखरपुड्याच्या गडबडीत. "ट्रंकंत बघा!"

बघितलं. तळाशी लांबच्या लांब गुलाबी कापड, जरीचा काठ, मऊ आणि मजबूत. आता तुम्ही म्हणाल, अरे येड्या, तुला फेटा ओळखू येईना? अहो, मी फेटा पाहिला तो माझ्या लग्नात. भाड्याचा, तयार, खोक्यातून काढून टोपीसारखा घालायचा! सुटलेला फेटा मला पडदाच वाटला. दुहेरी केला, भोपळा आत निजवला, आईची गाठ मारली. चार दिवसांत पानांच्या गर्दीत तो दिसेनासा झाला आणि मी निवांत झोपू लागलो.

साखरपुडा अंगणातच ठरला. "एवढा गार मांडव असताना दुसरा कशाला?" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. माझी छाती बांबूएवढी! व्याही आले आणि जिथं सगळ्यात दाट सावली, तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले.

मग अण्णा म्हणाले, "माझा फेटा काढा. माझ्या लग्नातला. गुलाबी, जरीच्या काठाचा."

ट्रंक पालथी झाली. पलंग हलला. फेटा नाही.

"दुसरा आणू का अण्णा, भाड्यानं?" सुनीता म्हणाली.

"फेटा माझाच पायजे. त्याबगर व्याहीभेट हुनार न्हाई!"

गुलाबी. जरी. मी हळूच वर बघितलं.

"आत्या," मी हौसाआत्यांना कोपऱ्यात गाठलं, "फेटा वर हाय."

"कुठं वर?"

"व्याह्यांच्या डोक्यावर."

"त्यांच्या डोक्यावर टोपी हाय."

"टोपीच्या वर. भोपळ्याच्या खाली."

आत्यांनी वर बघितलं, पदर खोचला आणि थेट व्याह्यांपुढं गेल्या. "व्याहीबुवा, जरा उठता का? हितं ऊन येतंय."

"सावली तर हाय की!"

"येनार हाय!"

व्याही हलेनात. मी मागून स्टुलावर चढलो आणि गाठ ओढू लागलो. आईची गाठ! ती का सुटते? बांबू कुरकुरले, पानं पडली, व्याह्यांनी मान वर केली. "वर काय चाललंय?"

"शुभ चाललंय!" आत्या म्हणाल्या. "आमच्यात थोरला जावई व्याह्याला घरचं फळ देतो. वरनं!"

"वरनं?"

"वरनंच! आन ते बसून घ्यायचं नसतं. उठा, हितं पुढं या, उपरनं पसरा!"

बिचारे उठले, दोन पावलं पुढं आले, उपरणं पसरलं. त्याच क्षणी गाठ सुटली. भोपळा सरळ रिकाम्या खुर्चीत बसला आणि खुर्ची चारी पाय पसरून जमिनीला मिळाली! पाठोपाठ फेटा, फेट्यापाठोपाठ मी, आणि माझ्याखाली झुकिनीची अख्खी ओळ, पुन्हा आडवी.

अण्णांनी जमिनीवरचा फेटा उचलला.

"आरं ए इष्ण्या!" अण्णा कडाडले. "गाढवा! बापाचा फेटा भोपळ्याला गुंडाळतो व्हय रं?"

इष्ण्या! गाढवा! आणि वर 'बापाचा'! मी चिखलात बसून दात काढून हसत होतो. सुनीता धावत आली. "अवो, डोक्याला लागलं का काय?"

"अण्णा," व्याही म्हणाले, "जावयाला असं बोलत्यात व्हय?"

"जावई कसला, घरचं पोरगं हाय ते!" असं म्हणत अण्णांनी तोच फेटा झटकून बांधला, भोपळ्याच्या देठाच्या डागासकट. व्याह्यांनी भोपळा मांडीवर घेऊनच जेवण केलं आणि जाताना घरी नेला. त्याला साधा ओरखडा नव्हता.

वैशालीच्या सासरी आता 'वरनं फळ द्यायची' रीत चालू झाल्याचं कळतं.

हौसाआत्यांचे हे उपकार मी एक दिवस फेडणार, हे इथं सगळ्यांदेखत सांगतो. त्यांनाही सांगितलं. म्हणाल्या, "फेड बाबा, पर भोपळ्यानं नको."

काय द्यावं, विचार चालू आहे. तोवर वेलाला त्यांच्या दाराच्या बरोबर वर एक नवा भोपळा धरलाय आणि मी झोळीसाठी कापड शोधतोय. (ह्या वेळी माझाच लग्नातला सदरा घेणार आहे. तो ओळखू येतो.)