खांग साहेबांच्या गाडीतले पापलेट

खांग साहेब कुवेतमधल्या व्हिएतनामच्या वकिलातीत सेक्रेटरी, मी त्यांचा ड्रायव्हर. देवरुखच्या शाळेत कुणी व्हिएतनाम नकाशावर दाखव म्हटलं असतं, तर मी गुरुजींकडेच बघत बसलो असतो.

साहेबांचे आजोबा तिकडे मंत्री होते, वडील पक्षात वजनदार. लहानपणी सरकारी गाडी शाळेत सोडायची, तर हा मुलगा अलीकडच्या चौकात उतरून चालत जायचा. पहिला नंबर आला, तर पोरं म्हणाली, पेपर आजोबांनीच तपासला. परराष्ट्र खात्यात निवड झाली तेव्हाही तेच. कुवेतला आले ते चाळिशी ओलांडून, एकटे. डबा स्वतः धुवायचे, सुट्टीच्या दिवशी टॅक्सीने फिरायचे.

"साहेब, गाडी आहे ना!" मी एकदा म्हटलं.

"ती देशाची आहे, रितेश."

मनात म्हटलं, देश कुठे बघायला येतोय!

गेल्या हिवाळ्यात अब्बासियातल्या आमच्या खोलीतल्या दत्तप्रसादचं लग्न ठरलं. पार्टीला पापलेट हवेत, तेही फहाहीलच्या बाजारातलेच, हा त्याचा हट्ट. त्या शुक्रवारी सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी माझ्याकडे होती.

"वकिलातीचा नंबर आहे रे! पोलीस सलाम ठोकतील," दत्ता म्हणाला.

"मला की पापलेटांना?"

हसत हसत तीन पेट्या डिकीत चढवल्या. शनिवारी मी डिकी धूत होतो, तेव्हा साहेब शेजारून गेले. वास दडण्यासारखा नव्हता. एकदा डिकीकडे पाहिलं आणि पुढे गेले.

बाजारात कुणीतरी फोटो काढला होता. रविवारी तो ऑफिसातल्या प्रत्येकाच्या फोनवर आला. नंबर स्पष्ट, पेट्या स्पष्ट. मी वाकलेला, नुसती पाठ. खाली लिहिलेलं, मंत्र्यांच्या नातवाने मासळीचा धंदा काढला.

राजदूत मॅडमनी साहेबांना बोलावलं. मी दाराबाहेरच होतो.

"गाडी माझ्या ताब्यात असते. जबाबदारी माझी," एवढंच ऐकू आलं.

बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "जेवलास?"

मी मान हलवली. नोकरी गेली की इकामा गेला, म्हणजे इथे राहायचा परवानाच. घरी काय सांगणार, माशांपायी परत आलो? चार दिवस मी खाली मान घालून गाडी चालवली. आरशात त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून आरसासुद्धा वाकडा केला होता.

गुरुवारी त्यांना मायदेशी परत बोलावल्याचं पत्र आलं. मग मात्र मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, मासे माझे होते. साहेबांना काही माहीत नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खांग यांनी पाठवलं तुला? या मोठ्या घरांची रीतच आहे. चूक साहेबांची, कबुली ड्रायव्हरची. जा, तुझी नोकरी कुठे जात नाही."

खाली आलो तर साहेब फायली खोक्यात भरत होते. मी सगळं सांगून टाकलं.

"रविवारी सांगितलं असतंस तर कदाचित मॅडमना पटलं असतं," ते शांतपणे म्हणाले.

मी खोकं उचलायला वाकलो.

"राहू दे," म्हणाले, आणि स्वतःच उचलून घेऊन गेले.