कोंडिबाचा गळका मांडव

उत्रोलीच्या मांडववाल्या कोंडिबाला एकाच गोष्टीचा गर्व. त्याचा मांडव गळत नाही. भोरकडचा पाऊस दसऱ्यानंतरही माघारी फिरून भिजवून जातो, म्हणून जागरण असो की दहावं, लोक कोंडिबालाच बोलावत. त्याच्या मांडवाखाली कुणाची पत्रावळ भिजली, असं कुणी दाखवून द्यावं!

आंबवड्याजवळ घर बांधून राहिलेल्या सिपोराबाई झिराडकरांनी मांडव सांगितला, तेव्हा त्यानं दुप्पट मनावर घेतलं. बाई बेने इस्राएली, म्हणजे ज्यू. पण बोलणं आपल्यासारखंच मराठी. "आमचा आनंदाचा सण आहे, कोंडिबा. सात दिवस जेवणखाण मांडवात. वर नुसता पाला घाला, दुसरं काही नको," असं त्यांनी बजावलं होतं. कोंडिबानं मान डोलावली. मनात म्हणाला, बाई पुण्याच्या, हितला पाऊस त्यांना काय ठावं? त्यानं बांबूवर ताडपत्री ताणली, नि ती दिसू नये म्हणून वरखाली जांभळीच्या डहाळ्या नीट बसवल्या.

सणाच्या दिवशी ऊन कलल्यावर बाई आत आल्या नि वर बघत राहिल्या.

"कोंडिबा, आत अंधार का हो?"

"थेंब बी यायचा न्हाई बाई. लिहून घ्या."

"अहो, तेच तर नको! वर आभाळ दिसायला हवं. आमचे पूर्वज गुलामीतून सुटल्यावर वाळवंटात असे राहिले. त्याची ही आठवण."

"पर पाऊस आला म्हंजी? पाव्हणं भिजत्याल की! आन् तुमचं स्लॅबचं घर हाय ना ह्ये शेजारी?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

कोंडिबाला त्या 'म्हणूनच'चं शेंडाबूड सापडेना. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मात्र दिसलं. दिवस मावळायच्या आत ताडपत्री निघाली नाही, तर सणाची पहिली रात्र मांडवाविनाच, असं त्या म्हणाल्या. मावळल्यावर सण लागतो, मग त्यांच्यात बांधायचं-सोडायचं चालत नाही.

मेव्हणा गेनबा शिडी धरून खिदळला. "काढा दाजी! उद्या भोरच्या बाजारात सांगतो, कोंडिबानं सोताच्या हातानं मांडव गळका केला."

"त्वांड बंद कर, गेन्या. शिडी धर."

डहाळ्यांमधून ओढून ताडपत्री निघाली. बाई पुन्हा म्हणाल्या, "आता वरची एकेक डहाळी उचला नि परत ठेवा."

"कुठं ठिवू?"

"तिथंच."

"जितनं उचलली, तितंच?"

"हो. आधी ती ताडपत्री झाकायला होती. आता मांडवासाठी म्हणून ठेवायची."

कोंडिबानं गेनबाकडं बघितलं. गेनबानं शिडी पुढं सरकवली. डहाळी तीच, बांबू तोच. तरी कोंडिबानं एकेक उचलली, परत ठेवली. शेवटची ठेवली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता.

बाईंनी दिवे लावले. मुलगा, सून, नातवंडं गाणी म्हणू लागली. कोंडिबालाही जेवायला बसवून पुलाव वाढला नि पाऊस आला. पहिला थेंब कोंडिबाच्या ताटात. तो ताडपत्रीकडं धावला.

"बसा हो!" बाई हसत ओरडल्या. पाऊस वाढला तशी सगळी मंडळी ताटं घेऊन घरात पळाली, नातवंडं टाळ्या पिटत. सर ओसरल्यावर पुन्हा बाहेर. खुर्च्या पुसल्या, गाणं सोडलं तिथून धरलं. कोजागिरीचं चांदणं डहाळ्यांतून ताटात पडत होतं. घरचं कुणी मेल्यासारखं तोंड करून बसला होता एकटा कोंडिबा.

तो निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही तुम्हीच यायचं. असाच बांधा."

घरी बायको ठकुबाई दुधाच्या पातेल्याशी जागीच होती. "पाऊस झाला जनू. गळला का काय मांडव?"

"गळला."

"अगं बया! मंग? लई बोलली का बाई?"

"पुढल्या सालाला बोलावलंय."

ठकुबाईनं पळी हातातच धरली. "गळला म्हनून?"

कोंडिबानं टोपी काढली, ओल्या डोक्यावरनं हात फिरवला. "व्हय... तसंच वाटतंय बग. तू दूध दे."