कानापर्यंत जाणारी लाथ

माझी लाथ समोरचीच्या कानापर्यंत जायची, पण माझा हात माझ्याच बुटाच्या लेसपर्यंत पोहोचत नव्हता. दिग्रसला कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये आमचा तायक्वांदोचा क्लास होता. क्लास सुटला की मी कंबर धरून पायरीवर बसायची आणि न्यायला आलेले बाबा वाकून माझे बूट बांधायचे. सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पोरीची लाथ पाहा." बूट कोणी पाहिले नाहीत.

शेवटी यवतमाळला फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी मला उताणं झोपवलं, कंबर टेबलावर दाबून धरली आणि पाय उचलायला लावला. पाय जरासा वर गेला आणि अडला.

"तुझा खुबा एवढाच हलतो. बाकीची लाथ तू कंबरेतून मारतेस," बाई म्हणाल्या.

म्हणजे इतकी वर्षं टाळ्या कंबरेला पडत होत्या आणि दुखणंही तिलाच.

मग रोज सकाळी खुब्याचे व्यायाम सुरू झाले. खुबे सावकाश मोकळे झाले, कंबर गप्प बसली आणि लाथ पोटापर्यंत उतरली. सर म्हणाले, "काहून खाली येऊन राह्यली तुही लाथ?" त्यांना माझे बूट बांधावे लागत नव्हते.

पुढची स्पर्धा मी हरले. बाहेर येऊन पायरीवर बसले, वाकले आणि स्वतःच्या हाताने लेस बांधल्या. बाबा सवयीने समोर वाकलेलेच होते. ते तसेच राहिले.

"झालं बाबा, उठा आता," मी म्हटलं.

"कंबर धरली न माही," बाबा म्हणाले. "त्या बाईले फोन लाव."