रजईच्या पेटीतले उंदीर

जिवाला निवारा देणे ही संस्कृतीची पहिली पायरी आहे, असे माझी थोरली बहीण मला म्हणाली. हे म्हणाली तेव्हा तिचे डोके प्लास्टिकच्या एका मोठ्या पेटीत होते, कारण आतल्या बाजूला कुठे धार किंवा कंगोरा आहे का, हे तिला बोटांनी चाचपून बघायचे होते. पेटीत आवाज घुमत असल्यामुळे वाक्य होते त्याहून भारदस्त वाटले.

"बेन, अंदर शुं भरवानुं छे? रजई?" दुकानदाराने विचारले.

"उंदीर," ताई पेटीतून म्हणाली.

"हां, उंदर घुसे नही एवुं जोईए. तो आ लई जाओ. ढांकण एकदम टाइट."

"घुसायचे नाहीत. ते आतच राहायचे आहेत."

ताईला गुजराती उत्तम येते, पण दुकानदाराशी ती मराठीतच बोलते आणि त्याला ते कळते. बडोद्यात हे असेच चालते. त्याने खात्री करून घ्यायला माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "तो ढांकणमां काणां पाडजो. बिचारांने हवा तो जोईए ने." त्या दिवशी आम्हांला भेटलेला हा पहिला माणूस, ज्याने "पण उंदीर कशाला?" असे विचारले नाही. त्याबद्दल मी त्याचा अजूनही ऋणी आहे.

उंदीर कशाला, याचे उत्तर सोपे होते. आमच्या धाकट्या भावाची मुलगी शिकायला बंगळूरला गेली, वसतिगृहात प्राणी चालत नव्हते, आणि भावजयीने घरात एक तर मी राहीन नाही तर ते, असे सांगितले होते. तेव्हा दोन पाळीव माद्या पोपटाच्या पिंजऱ्यात बसून नागरवाड्यात, आमच्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. एक पूर्ण करडी. दुसरी पांढरी, डोक्यावर तपकिरी टोपी घातल्यासारखी. आम्ही दोघे भाऊबहीण बिनलग्नाचे आणि निवृत्त, म्हणजे कुटुंबाच्या दृष्टीने जागा रिकामीच.

ताई मुख्याध्यापिका होती. तिच्या कुंडीतल्या तुळशीलाही फांदी वेडीवाकडी वाढवायची परवानगी नाही. शिवाय आमच्या घराण्यात संस्थानची नोकरी होती, असे ती पाहुण्यांना आवर्जून सांगते. पणजोबा सरकारी कोठारावर कारभारी होते. कोठारातून उंदीर बाहेर ठेवण्याचा ते पगार घेत, हा भाग ती गाळते.

पण आठवड्याभरात करडीने तिला जिंकले. संध्याकाळी ताई वर्तमानपत्र घेऊन बसली की करडी पदराखाली शिरून तिच्या कोपराच्या बेचक्यात झोपायची. मग पान उलटायला ताई मला हाक मारायची. पिंजऱ्याच्या तारांच्या तळाने करडीच्या पायाला फोड आला, त्याच दिवशी ताईने पिशवी उचलली आणि मला चपला घालायला सांगितल्या.

पेटी निवडताना मी उंच निळ्या पिंपाचा आग्रह धरला होता. "त्यांना काय विहिरीत राहायचंय?" ताई म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते. उंदरांना पळायला जमीन लागते. उंची एक फळी टांगण्यापुरती असली की पुरे. अपारदर्शक पेटीत दिवसाही रात्र, काचेसारख्या पेटीत लपायला कुठे जागा नाही. म्हणून आम्ही दुधी रंगाची, लांबरुंद, जाड भिंतींची पेटी घेतली, जिच्यात एरवी घरोघरी पाहुण्यांच्या गाद्या झोपतात.

घरी आल्यावर दुकानदाराने सांगितलेली झाकणाची भोके पाडून भागेना. दोन दिवसांत आत कोंदट वास भरला आणि टोपीवाली शिंकू लागली. तेव्हा आम्ही झाकणाचा मधला भाग आणि एक बाजू कापून खिडक्या केल्या आणि तिथे बारीक चौकोनाची लोखंडी जाळी बसवायचे ठरवले. जाळी, नटबोल्ट आणि वायसर तळमजल्यावरच्या शेठनी दिले. त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. त्यांनी काही विचारले नाही. ताईला प्रश्न विचारायची बिल्डिंगमध्ये पद्धत नाही.

जाळी आतून लावायची की बाहेरून, यावर आमची चर्चा झाली. ताईने निकाल दिला की पेटी दिवाणखान्यात राहणार, लोक येणार, तेव्हा जाळी बाहेरून लागेल आणि कडेने लाकडी पट्टी येईल, म्हणजे कापलेली कड झाकली जाईल. पट्टीला पॉलिशही झाले. एखाद्या मान्यवराची तसबीर लावावी तशी ती खिडकी दिसू लागली. कापलेली कड बाहेरून दिसत नव्हती. आतून ती उघडीच होती, आणि आत दात होते.

एका सकाळी कडेला मुठीएवढे भगदाड पडलेले, पट्टीची ढलपी जमिनीवर, आणि पेटीत टोपीवाली एकटी. ताईने कपाटे सरकवली, गॅसच्या सिलिंडरमागे बॅटरी मारली, भाकरीचा तुकडा हातात धरून जिन्यात बसून राहिली. मला एकदाही ओरडली नाही, यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळले.

"पाळलेली आहे रे ती," एवढेच म्हणाली. "तिला मांजर म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही."

दुपारी शेठ दुकानातून जेवायला आले. जीव मारायचा नाही, हा त्यांचा नेम. बिल्डिंगमध्ये उंदीर झाला की ते जिन्याखाली पिंजरा लावतात, रोटलीचा तुकडा अडकवतात आणि सापडलेला उंदीर नाल्याकाठी सोडून येतात.

"पकडला ने, सवारेच," ते आनंदाने म्हणाले. "एकदम ताजोमाजो होता, बेन. मला थयुं, हा चांगल्या घरचा लागे छे, ह्याला नाल्यावर कसा सोडू? सावली गावाला माल पोचवायचा होता, तर रस्त्यात एका खेतरमध्ये नेला."

ताई जिन्याच्या पायरीवरून उठली. "सोडला?"

"पिंजरा उघडा केला, पण तो बाहेरच येईना. माल घेणाऱ्या पार्टीचा फोन येत होता. मी म्हटलं, तुझ्या टाइमनी ये, आणि पिंजरा तिथंच ठेवून आलो. काय झालं?"

"माझी आहे ती."

शेठ चप्पल काढता काढता थांबले. मग ते म्हणाले, "बेन, उंदर?"

"शेठ, जेवण नंतर. टेंपो काढा."

टेंपोच्या पुढच्या बाकावर आम्ही तिघे. मी मधे, ताई दाराशी, तिच्या मांडीवर एक छोटा डबा, त्यात टोपीवालीच्या अंगाखालच्या चिंध्या, वास ओळखीचा यावा म्हणून.

"मला काय खबर," शेठ म्हणाले. "पाप लागू नये म्हणून एवढं करतो मी."

"तेच तर. तुम्ही दुष्ट असता तर बरं झालं असतं. निदान मला रागावता आलं असतं."

यावर शेठनी टेंपोचा वेग वाढवला.

शेत एरंडाचे होते. बांधावर बाभळीखाली पिंजरा तसाच होता, दार उघडे. विजेच्या तारेवर एक घार बसली होती. ताई गाडी पुरती थांबायच्या आत उतरली आणि बांधावर, वहाणेत माती जात असताना, खाली वाकली.

पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात वाळलेल्या गवताचा गोळा होता आणि त्यातून करडीचे नाक हलत होते. रोटली संपली होती.

"बाहेर जाऊन आली," ताई म्हणाली. "गवत आणलंय बघ. नीट बसवलंयसुद्धा."

मग तिने हात आत घातला आणि करडी चालत तिच्या मनगटावर आली. ताईने चष्मा काढून पदराला पुसला. तो मळलेला नव्हता. शेठ बाजूला उभे राहून एरंड बघत होते. मला तेव्हा ते फार आवडले.

त्या संध्याकाळी ताईने पॉलिशची पट्टी स्वतः उखडली. मोडकी पेटी गाद्यांकडे गेली, नवी आली, जाळी आतून लागली, तिची कड कापलेल्या कडेच्या चांगली पुढे आली, आणि बाहेर बोल्टची टोके दिसत राहिली. वायसर शेठ स्वतः वर घेऊन आले आणि मोठ्या आकाराचे घ्या म्हणून अडून बसले. ती खिडकी कुरूप होती. ती शेवटपर्यंत टिकली.

उंदरांचे आयुष्य थोडे असते. करडी आणि टोपीवाली दोघी त्या पेटीत म्हाताऱ्या झाल्या आणि गेल्या. ज्या दुपारी करडी परत मिळाली तिच्याबद्दल मी शेठचा, पार्टीच्या फोनचा आणि त्या घारेच्या आळसाचा आभारी आहे. ताई आभार मानत नाही. ती दिवाळीला शेठकडे अनारसे पाठवते.

तेव्हापासून बिल्डिंगमध्ये सापडलेला प्रत्येक उंदीर सोडण्याआधी शेठ पिंजरा घेऊन तीन मजले चढतात आणि आमची घंटा वाजवतात. ताई चष्मा लावून नीट बघते आणि आमचा नाही म्हणून सांगते.